पाय गरम आहे, पण रक्त पोचतंय का?

मैसूरच्या सरस्वतीपुरममधून मी पुन्हा एकदा आपल्याशी बोलतोय. आत्तापर्यंतच्या भागांत आपण किल्ले पाहिले, तोफा पाहिल्या, लढाया पाहिल्या. आजचा विषय थोडा वेगळा आहे. लढाईत किंवा अपघातात हातापायाला मार बसतो, तेव्हा आतली रक्ताची वाट शाबूत आहे की नाही, हे माणसाला कसं कळू लागलं, त्याचा हा इतिहास आहे. मी डॉक्टर नाही, तोफखान्यातला माणूस आहे. तरी हा विषय मी का घेतला, ते मध्यावर सांगेन.

सुरुवात घराजवळूनच करू. आमच्या घरापासून श्रीरंगपट्टण पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. १७९२ साली तिथे टिपू सुलतानाला इंग्रजांनी वेढा घातला होता, आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही इंग्रजांच्या बाजूने आल्या होत्या. त्याच युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्याचं नाव इंग्रजी नोंदीत ‘कावसजी’ असं आहे. नाव पारशी वाटतं, पण नोंद करणाऱ्याने त्याला मराठाच म्हटलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं.

सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. मुंबईच्या कंपनी सरकारच्या सेवेतल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजीच्या चित्रासह ती छापून आली. ती वाचूनच जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत ही कथा असते ती त्यामुळे.

आपल्या विषयाला त्यातली एकच बाब लागते. तो कारागीर कपाळाची कातडी पूर्ण सुटी करत नव्हता. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायचा आणि नवं नाक चांगलं धरल्यावर, साधारण पंचवीस दिवसांनी, ती कापायचा. त्या पट्टीतून रक्त येत होतं, म्हणून नाक जगलं. रक्ताभिसरणाचं शास्त्र तो शिकला नव्हता. पण ज्या भागाला रक्त पोचतं तोच जगतो, हे त्याच्या हाताला माहीत होतं.

कावसजीचा हात मात्र गेला तो गेलाच. हातापायाची मोठी धमनी तुटली, तर त्या काळी जगात कुठेही दोनच गोष्टी शक्य होत्या. रक्त थांबवायचं आणि जीव वाचवायचा. अवयव राहिला तर देवाची कृपा.

रक्त थांबवण्याची चांगली रीत सैन्यातूनच आली. फ्रान्सचा आंब्रवाझ पारे हा फौजेबरोबर फिरणारा शल्यचिकित्सक. पाय कापल्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याऐवजी त्याने १५५२ च्या सुमारास धमनी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. बांधलेल्या धमनीतून रक्त वाहत नाही आणि माणूस वाचतो. पण धमनी बांधली की तिच्या खालच्या भागाची रसद बंद होते. आजूबाजूच्या बारीक वाटांनी पुरेसं रक्त गेलं तर पाय टिकतो, नाही तर काळा पडतो.

पुढची जवळजवळ चारशे वर्षं युद्धभूमीवर हाच उपाय चालला. वास्तविक तुटलेली धमनी शिवता येते हे बरंच आधी सिद्ध झालं होतं. शिकागोच्या जॉन मर्फीने १८९६ साली माणसाच्या धमनीची दोन टोकं जोडून दाखवली. अलेक्सी कॅरेलने रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी त्याला १९१२ साली नोबेल मिळालं. पण ते सगळं दवाखान्यातलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक शल्यचिकित्सकापर्यंत पोचेपर्यंत इतका वेळ जायचा आणि जखम इतकी सडायची, की शिवण्यात अर्थ राहत नसे.

दुसऱ्या महायुद्धाचे आकडे नीट नोंदलेले आहेत. मायकेल डिबेकी आणि सिमिओनी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली आपल्या सैन्यातल्या धमनीच्या २,४७१ जखमांचा हिशेब मांडला. त्यातल्या फक्त ८१ शिवल्या गेल्या होत्या. जिथे धमनी बांधली, तिथे जवळपास निम्म्या माणसांचा अवयव कापावा लागला. गुडघ्यामागची धमनी असेल तर शंभरात बहात्तर जणांचा पाय गेला. जखम झाल्यापासून उपचारापर्यंत सरासरी दहा तासांहून जास्त वेळ जात होता. त्याच युद्धात इटलीत आपल्या मराठा पलटणी लढत होत्या, आणि हातपाय गमावून परतणाऱ्यांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उघडलं गेलं. ते वानवडीत आजही काम करतं आहे.

गुडघ्यामागची धमनी लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

कोरियाच्या युद्धात चित्र पालटलं. हेलिकॉप्टर आलं, रक्तपेढी पुढच्या फळीपर्यंत आली, प्रतिजैविकं आली. आपलं ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सही लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली तिथे जखमींची सेवा करत होतं. अमेरिकन शल्यचिकित्सकांनी तिथे धमन्या बांधण्याऐवजी शिवायला सुरुवात केली. ३०४ मोठ्या जखमांपैकी २६९ दुरुस्त केल्या, आणि अवयव कापण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं. व्हिएतनाममध्ये नॉर्मन रिच यांनी एक हजार जखमांची नोंद १९७० साली प्रसिद्ध केली, तेव्हाही प्रमाण साधारण तेवढंच होतं. गुडघ्यामागच्या धमनीचं मात्र दोन्ही युद्धांत ३० टक्क्यांच्या आसपास राहिलं.

शिवण्याची कला आली. आता प्रश्न उरला ओळखण्याचा. रक्ताची चिळकांडी उडत असेल, सूज डोळ्यांदेखत वाढत असेल, पाय पांढराफटक आणि थंड पडला असेल, नाडी अजिबात लागत नसेल, तर कुणालाही कळतं. असा रुग्ण सरळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो, आणि जायलाच हवा. फसवणूक होते ती याच्या अलीकडच्या जखमांत. धमनीला तीन थर असतात. कधी कधी बाहेरचे थर शाबूत राहतात आणि आतलं अस्तर तेवढं फाटतं. रक्त वाहत राहतं, पाय बरा दिसतो. मग फाटलेल्या अस्तरावर हळूहळू गुठळी धरते आणि काही तासांनी वाट बंद होते. रक्त पूर्ण बंद पडल्यावर पायाच्या स्नायूंना साधारण सहा तास मिळतात. त्यानंतर प्रत्येक तासाला पाय हातातून जात असतो.

आता मी हा विषय का घेतला, ते सांगतो.

१९९४ सालचा नोव्हेंबर. उत्तर काश्मीरमध्ये आमच्या तोफा एका उंच जागी लावलेल्या होत्या. संध्याकाळी रसद घेऊन येणारी आमची वन-टन गाडी बर्फावरून घसरून खाली गेली. दोघांना किरकोळ लागलं. तिसरा सातारा जिल्ह्यातला, खटावकडचा एक गनर, वय बावीस. त्याचा गुडघा निखळून परत जागेवर बसला होता. हाड मोडलेलं दिसत नव्हतं. त्याला वर आणलं, बुखारीजवळ निजवलं, कांबळ्यात गुंडाळलं.

आमचा नर्सिंग असिस्टंट अनुभवी होता. तो मला हळूच म्हणाला, “साहेब, या पायाची नाडी मला नीट लागत नाहीये. थंडीमुळे असेल, पण लागत नाहीये.” मी हातमोजा काढला आणि त्या पोराच्या पावलाला हात लावला. पाऊल गरम होतं. मी वायरलेस सेटवर सांगितलं, “पाय गरम आहे. प्रायॉरिटी दोन.”

प्रायॉरिटी एक म्हटलं असतं, तर रात्री रस्ता उघडून त्याला खाली नेता आलं असतं. धोका होता, पण नेलं असतं. प्रायॉरिटी दोन म्हटल्यामुळे सकाळची वाट पाहिली गेली. सकाळी ढग होते, हेलिकॉप्टर दुपारी आलं. तोवर सोळा-सतरा तास झाले होते आणि पावलाची बोटं निळी पडली होती. त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं, की गुडघा निखळताना मागच्या धमनीचं अस्तर फाटलं आणि तिथे गुठळी धरली. पाऊल गरम का होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही त्याला बुखारीजवळ ठेवलं होतं ना?”

पुढे मी त्याला पुण्याच्या केंद्रात भेटायला गेलो. नवा पाय लावून तो दांडीला धरून चालायला शिकत होता. मला पाहून त्याने तशाही स्थितीत सावधान होण्याचा प्रयत्न केला. म्हणाला, “सायेब, तुमी हुता म्हनून जीव वाचला.” मी त्याला खरी गोष्ट सांगितली नाही. पाच वर्षांनी पत्र लिहून सांगितली. त्याचं उत्तर आलं, त्यात शेतीची आणि मुलीच्या नावाची बातमी होती. माझ्या पत्राचा उल्लेख नव्हता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. आणि वाचताना कळलं, की मला त्या रात्री जे हवं होतं, ते जगात तयार होतं. त्याची कथा आता ऐका.

१८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं, की क्वार्ट्‌झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की ते थरथरतात. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग करून पाण्यात आवाज सोडला आणि त्याचा प्रतिध्वनी पकडला. १९१७ पर्यंत त्याचं यंत्र चालू झालं होतं. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने न दिसणारी वस्तू शोधायची, हे सोनोग्राफीचं मूळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कल्पनेने शरीराच्या आत पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत डेन्व्हरच्या डग्लस हाउरी यांनी तर बी-२९ बॉम्बर विमानाच्या तोफेचा गोल घुमट वापरून पाण्याची टाकी बनवली. माणसाला त्यात बसवायचं आणि भोवती प्रोब फिरवायचा. युद्धातून उरलेल्या भंगाराचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

पण असं चित्र अवयवाचा आकार दाखवतं. धमनीत रक्त वाहतंय की थांबलंय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरा माणूस लागला, ख्रिस्तियान डॉप्लर. १८४२ साली प्रागमध्ये त्याने मांडलं, की लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. तो ताऱ्यांच्या रंगांबद्दल बोलत होता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट याने आगगाडीच्या डब्यावर वादक बसवले, रुळाशेजारी सुरांचा कान असलेली माणसं उभी केली आणि गाडी पळवून पाहिली. गाडी जवळ येताना सूर चढला, दूर जाताना उतरला. रेल्वे फाटकावर उभं राहून शिट्टी ऐकलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केला आहे.

आम्ही तोफखान्यातले लोक डॉप्लरला वेगळ्या कारणाने ओळखतो. तोफेच्या नळीतून सुटणाऱ्या गोळ्याचा वेग मोजणारं रडार याच तत्त्वावर चालतं. गोळ्यावर लहरी सोडायच्या, परत आलेल्या लहरींतला फरक मोजायचा, वेग कळतो. ज्या दिवशी मला समजलं की डॉक्टर हेच काम रक्ताच्या तांबड्या पेशींवर करतात, त्या दिवशी माझी या विषयाची भीती गेली. आमचा गोळा सेकंदाला शेकडो मीटर जातो, रक्त सेकंदाला अर्धा-एक मीटर. गणिताचं तत्त्व तेच.

जपानच्या ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉप्लर पद्धत हृदयावर आणि मग रक्तवाहिन्यांवर वापरून पाहिली. त्याच सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट रशमर यांच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र बसून तेच काम करत होते. १९६१ साली त्यांनी वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या लहरींबद्दल लिहिलं. तिथल्याच युजीन स्ट्रँडनेस या शल्यचिकित्सकाने ते तंत्र पायाच्या धमन्यांवर आणलं. १९७४ पर्यंत त्या गटाने चित्र आणि डॉप्लर एकाच यंत्रात बसवलं. त्याला डुप्लेक्स म्हणतात. १९८० च्या दशकात जपानी अभियंत्यांनी त्यात रंग भरले.

त्या रंगांबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकतो. पडद्यावरचा लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असं नाही. नेहमीच्या मांडणीत प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल दिसतं आणि दूर जाणारं निळं. प्रोब उलटा धरला तर तीच धमनी निळी दिसेल. बटण दाबूनही रंग उलटे करता येतात.

आता जखमी पायाकडे येऊ. १९७०-८० च्या दशकांत मोठ्या रुग्णालयांत अशी रीत होती, की धमनीच्या जवळ जखम असेल तर रुग्णाची अँजिओग्राफी करायचीच. धमनीत नळी घालायची, औषध सोडायचं, एक्स-रे काढायचे. वेळ लागतो, खर्च होतो, आणि बहुतेकांची धमनी निर्दोष निघते. सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात काय जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की आधी साध्या डॉप्लरने चाळणी लावता येणार नाही का? त्यांनी लागोपाठ १०० जखमी हातपाय तपासले आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांची पद्धत कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात करता येईल अशी आहे. लागतं काय, तर रक्तदाबाचा पट्टा आणि पेनाएवढा डॉप्लर. व्हिडिओत मी तो हातात धरून आवाज ऐकवला होता. पुस्तकात आवाज येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. पावलावर किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला थोडी जेली लावून पेन टेकवलं, की निरोगी धमनीचा आवाज चाबकासारखा येतो. एक जोराचा सपकारा, त्यामागे एक छोटा उलटा झोत, मग एक हलका सूर. वर कुठे अडथळा असेल तर हे तिन्ही भाग जाऊन एकच मंद, घरघरता आवाज उरतो. आता घोट्याच्या वर पट्टा बांधून हवा भरायची. आवाज बंद झाला की हळूहळू हवा सोडायची आणि आवाज पुन्हा कितीवर आला, ते पाहायचं. तोच आकडा चांगल्या हाताचाही घ्यायचा. मग पायाचा आकडा भागिले हाताचा आकडा.

हात १२० आणि पाय १२० असेल तर उत्तर १. हात १२० आणि पाय ८४ असेल तर ०.७. जोहान्सन यांनी सीमा धरली ०.९०. त्याच्या खाली उत्तर आलं तर धमनीचा पुढचा तपास करायचा. त्याच्या वर असेल तर घाई नाही, पण नजर ठेवायची. ०.९० च्या वर असलेल्या हातापायांत काही बारीक इजा पुढे सापडल्या, पण मोठी जखम एकही निसटली नव्हती. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातल्या डॉक्टरांनी १९८ रुग्णांवर डुप्लेक्स सोनोग्राफी करून पाहिली. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जखमा तिने पकडल्या.

हे १९९१ चं. माझी चूक १९९४ ची. मधली तीन वर्षं मी कितीदा मोजली असतील, ते सांगत नाही.

पण यंत्र म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं. मांडीच्या आतल्या खोल धमनीची जखम घोट्याच्या आकड्यात दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असतात, तिथे आकडा खोटा मोठा येतो. रुग्ण गारठलेला असेल, रक्तदाब पडलेला असेल, तर आवाज दोन्ही पायांत क्षीण येतो. त्याला आधी ऊब आणि सलाईन देऊन पुन्हा मोजावं लागतं. अस्तर नुकतंच फाटलं असेल तर पहिला आकडा चांगला येऊ शकतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही. डुप्लेक्सला सराईत हात लागतो, आणि उघडी जखम, प्लास्टर, सूज यांच्यापुढे तीही अडते. म्हणून आज मोठ्या रुग्णालयांत शंका असेल तिथे सीटी अँजिओग्राफी करतात. पण सीटीचं यंत्र सगळीकडे नसतं, पेन सगळीकडे ठेवता येतं.

इथे आपल्या देशाची एक खास अडचण आहे, आणि तिचा इतिहास महाराष्ट्रातून जातो. याच सोनोग्राफीने आपण गर्भातल्या मुली शोधून मारल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला. तरीही महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ साली ९१३ वर आल्या. कोल्हापूर जिल्ह्यात तर ८३९. तिथे पुढे जिल्हाधिकारी असलेल्या लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची नोंद ठेवणारी पेटी बसवायला लावली. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. पुढच्या वर्षी हातात नेता येणाऱ्या यंत्रांवरही बंधनं आली. ती नोंदणीच्या जागेबाहेर फिरवायची नाहीत. फिरत्या वैद्यकीय पथकाला मुभा आहे, पण अटींसह.

या कायद्याविरुद्ध मी बोलणार नाही. ज्यांनी तो आणला त्यांचं बरोबर होतं. परंतु त्याची किंमत कोण देतं, हेही दिसायला हवं. परदेशात रुग्णवाहिकेत खिशातली सोनोग्राफी चालते, ती आपल्याकडे सहज चालत नाही. मुली मारणारे कुणी वेगळे, आणि हायवेवर पाय गमावणारा पोरगा वेगळाच. म्हणून तर पेनाच्या डॉप्लरचं महत्त्व आपल्याकडे जास्त. तो चित्र दाखवत नाही, फक्त आवाज ऐकवतो, आणि पाय वाचवण्याच्या पहिल्या निर्णयाला तेवढं पुरतं.

आता शेवटची गोष्ट, अगदी अलीकडची. आमच्या वरच्या खोलीत निपाणीचा एक मुलगा राहतो, मानसगंगोत्रीत एम.एस्सी. करतो. मागच्या पावसाळ्यात त्याची स्कूटर घसरली आणि गुडघ्यावर मार बसला. मला फोन आला, मी पोचलो तर तो मैसूरच्या एका रुग्णालयात तपासणीच्या खाटेवर होता. एक्स-रेमध्ये काही मोडलेलं नव्हतं. पाऊल गरम होतं. तो म्हणाला, “काका, ठीक आहे. घरी जाऊ या.”

मी काही बोलण्याआधीच तिथली तरुण डॉक्टर मुलगी खिशातून पेन काढून त्याच्या घोट्यावर वाकली होती. हात १२४, पाय ८०. तिने कागदावर भागाकार केला, ०.६५ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. वीस मिनिटांत रंगीत डॉप्लर झाला. गुडघ्यामागे लाल रंग बारीक होत जाऊन तुटत होता. चार तासांच्या आत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. दुसऱ्या पायाची शीर घेऊन, ती उलटी करून, धमनीला जोड दिला. शीर उलटी का, तर तिच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. आता तो दोन जिने चढून वर जातो, आणि रात्री उशिरा आला की मला त्याची पावलं ऐकू येतात.

मी त्या डॉक्टर मुलीला विचारलं, पाय गरम असताना तुम्ही मोजलंत कशाला? ती म्हणाली, “सर, गुडघ्याला मार असेल तर आम्ही मोजतोच. हाताला काय वाटतं, ते लिहायला केसपेपरवर रकाना नाही.”

हे वाक्य मला त्या रात्री कुणी सांगायला हवं होतं. आमचा नर्सिंग असिस्टंट एका अर्थी तेच सांगत होता. त्याच्याकडे पेन नव्हतं, पण बोट होतं आणि शंका होती. मी अधिकारी होतो, म्हणून माझा तळहात त्याच्या बोटावर भारी पडला.

तेव्हा मंडळी, इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला की गावाकडे, एवढं लक्षात ठेवा. घरातल्या कुणाच्या गुडघ्याला, कोपराला जोराचा मार लागला, हाड मोडलं किंवा सांधा निखळून बसला, तर दवाखान्यात तीन प्रश्न विचारा. नाडी दोन्ही बाजूंची पाहिली का? डॉप्लरने आकडा घेतला का? आणि पुन्हा किती तासांनी घेणार? विचारताना संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि आमच्यासारखे जे कुणाच्या वर अधिकारी असतील, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. खालचा माणूस ‘मला लागत नाहीये’ म्हणाला, तर आपला हात पुढे करण्याआधी त्याचं पुरतं ऐकून घ्या.

पुढच्या भागात आपण श्रीरंगपट्टणलाच जाऊ, मराठी फौजांच्या छावणीच्या जागा पाहायला. तोवर नमस्कार.